भरतीचं मैदान आणि तिसरा मजला

या आठवड्यातलं पत्र:

काका, मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २२, बी.ए. झाले आहे. वर्षभर भरतीची तयारी करते, पहाटे पाचला मैदानावर असते, ८०० मीटर चांगल्या वेळेत काढते. उंची १६३ सेंमी, वजन ५२ किलो. सुरुवात पोलीस भरतीसाठी केली होती, पण आता मन फायरमन व्हायचं म्हणतंय. मोबाइलवर अमेरिकेतल्या मुली बघते. त्या आगही विझवतात आणि ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटही सांभाळतात. त्यांना फायरफायटर-ईएमटी म्हणतात. आपल्याकडे असं काम असतं का? नेमकं काय काय करावं लागतं? आई म्हणते, "बाईमाणसानं गड्याला खांद्यावर टाकून जिना उतरायचा म्हणजे कंबर कायमची जायची. पुढं लग्न आहे, लेकरंबाळं आहेत." ती स्वतः रोज शेतातून वैरणीचा भारा डोक्यावर आणते, तरी मला असं म्हणते. मला झेपेल का? खरं खरं सांगा.

प्रिय मुली,

झेपेल. पण आत्ता जी तयारी करते आहेस, तेवढ्यावर झेपणार नाही. ते ८०० मीटर तुला दारातून आत नेतील. आत गेल्यावर पळायला कोणी सांगत नाही. मी अग्निशमन सेवेत तीस वर्षं काढली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, आगीच्या ठिकाणी भराभर चाला, धावू नका. धावणारा अडखळतो, दम लावून घेतो, आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा जिन्यातच संपवतो.

आधी तुझा ॲम्ब्युलन्सचा प्रश्न. अमेरिकेत बऱ्याच शहरांत अग्निशमन दलच वैद्यकीय मदतीलाही जातं. त्यांच्याकडे येणाऱ्या कॉलपैकी निम्म्याहून जास्त आजारी आणि जखमी माणसांचे असतात. म्हणून तिथं बहुतेक फायरफायटर ईएमटीसुद्धा असतात, म्हणजे तातडीची वैद्यकीय मदत द्यायला शिकलेले. आपल्याकडे अग्निशमनाचा १०१ वेगळा आणि रुग्णवाहिकेचा १०८ वेगळा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. आपल्या राज्यात या गाडीवर डॉक्टर आणि चालक असतो, चालकाला तिथं पायलट म्हणतात. इतर बऱ्याच राज्यांत डॉक्टरच्या जागी ईएमटी असतो. त्यामुळे नुसतं ईएमटी व्हायचं तर महाराष्ट्रात सरकारी गाडीवर फार वाव नाही. खासगी रुग्णालयं आणि मोठे कारखाने घेतात, पण तिथला पगार आणि कायमपणा आधी नीट विचारून घे.

नेमणूक वेगळी असली तरी जागेवर ही दोन कामं वेगळी राहत नाहीत. तू हायवेजवळ राहतेस, तुला सांगायला नको. ट्रकची केबिन चेपली आणि चालक आत अडकला, तर पत्रा कापायला हायड्रॉलिक कटर घेऊन अग्निशमन दलच येतं. कापायला दोघं लागतात. तेवढ्या वेळात तिसरा काचेतून आत शिरतो आणि चालकाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसतो. मानेच्या मणक्याला मार असेल तर मान हलता कामा नये, म्हणून. मी एकदा असा बसलो होतो. गुडघे काचांच्या चुऱ्यावर, कोपर सीटला टेकवलेले, वरून पत्र्याचा करकर आवाज, आणि तो माणूस सारखा विचारत होता, "माझे पाय आहेत ना?" त्याला बोलतं ठेवायचं होतं आणि हात हलू द्यायचे नव्हते. दहा मिनिटांनी खांदे पेटले, पंधरा मिनिटांनी बोटं जाणवेनाशी झाली. उचलणं नाही, पळणं नाही, तरी तीस वर्षांत अंगाला सगळ्यात जड गेलेल्या कामांत मी हे धरतो. तुझ्या मैदानावर याची चाचणी होत नाही.

आता रोजचं काम. घंटा झाली की वर्दी येते. वर्दी म्हणजे मदतीची खबर, आमच्याकडे हाच शब्द चालतो. त्यात आग असतेच. पण पावसाळ्यात झाडं पडतात, जुनी घरं बसतात, पुरात माणसं अडकतात. कोणी लिफ्टमध्ये अडकतं, कोणी विहिरीत पडतं, कुठं गॅस गळतो, संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात घार लटकते, रस्त्यावर ऑइल सांडलं की माती टाकायला जावं लागतं. तासन् तास काहीच नसतं, आणि मग झोपेतून उठून काही सेकंदांत बंबावर चढायचं असतं. वर्दी नसते तेव्हा ड्रिल असते, गाडीची तपासणी असते, सिलिंडरचं प्रेशर बघणं असतं. एक गोष्ट व्हिडिओत कधी दाखवत नाहीत. आग विझवून पहाटे चारला केंद्रावर परत आलं की चहा नंतर. आधी ओले, चिखलाने माखलेले होज, म्हणजे पाण्याचे पाइप, धुवायचे, वाळत टाकायचे, कोरडे होज गुंडाळून गाडीत भरायचे, सिलिंडर बदलायचे. पुढची वर्दी पाच मिनिटांत येऊ शकते. अंगात त्राण नसताना हे काम जो नीट करतो, तो मला धावण्यात पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

वजनाचा हिशेब करू, म्हणजे आईलाही सांगता येईल. आगीत शिरताना अंगावर जाड कोट, पँट, बूट, हेल्मेट आणि पाठीवर बी.ए. सेट (ब्रीदिंग अपॅरेटस), म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क. हे सगळं मिळून वीस किलोच्या पुढं जातं, सिलिंडर पोलादी असेल तर आणखी जास्त. नेहमीचा डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटर व्यासाचा. त्याची १५ मीटरची एक लांबी पाण्याने भरली की नुसतं पाणीच ४६-४७ किलो होतं. तिसऱ्या मजल्यावर अशा दोन-तीन लांब्या वळणावळणाने चढवायच्या. वर गेल्यावर ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, उघडली की पाणी पुढं जातं आणि ब्रँच तुला मागं ढकलते. म्हणून एका होजवर दोघं असतात. पुढचा ब्रँच सांभाळतो, मागचा त्याच्या पाठीला खांदा लावून होज धरतो. ५२ किलोच्या माणसाला हे जमतं. पाय रुंद ठेवून, अंग पुढं झुकवून, होज काखेत दाबून उभं राहता आलं पाहिजे.

आणि हवा. सिलिंडर सहा लिटरचा असतो, त्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे साधारण १८०० लिटर. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर ४५ मिनिटं पुरते, आणि तसंच सांगितलंही जातं. पण जिना चढून होज ओढणारा माणूस मिनिटाला सत्तर-ऐंशी लिटर घेतो. मग ती २२ ते २५ मिनिटांत संपते. घाबरलेला त्याच्याही आधी संपवतो. हवा थोडी उरली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजेल तेव्हा आपण बाहेर, निदान बाहेरच्या वाटेवर असायला हवं. आत काळोख असतो. सिनेमात दिसते तशी केशरी उजेडाची आग नसते, स्वतःचा हात दिसत नाही असा काळा धूर असतो. गुडघ्यांवर रांगत, हाताची पालथी बाजू भिंतीला लावून पुढं सरकायचं. पालथी अशासाठी की उघडी वायर लागलीच तर हात आखडून भिंतीपासून दूर जातो, तळव्याने धरली तर मूठ वायरीवरच आवळते. मास्कमध्ये स्वतःच्या श्वासाचा आवाज कानात घुमतो. काही धडधाकट पोरं पहिल्याच दिवशी मास्क ओढून काढायला लागतात, कारण कोंडल्यासारखं होतं. त्यात कमीपणा काही नाही, पण तो स्वभाव आपला आहे की नाही हे लवकर कळलेलं बरं. तू घरी एक करून बघ. डोळ्यांवर जाड ओढणी बांधून घरात गुडघ्यांवर रांगत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जा आणि त्याच वाटेने परत ये. श्वास किती वेगाने चाललाय ते मोज.

आता आईच्या मुख्य भीतीकडे येतो. गड्याला खांद्यावर टाकून जिना उतरायचा, असं तिला वाटतं, कारण भरतीच्या मैदानात माणसाएवढा पुतळा खांद्यावर घेऊन धावायला लावतात. ते खरं आहे आणि तुला ते करावं लागेल. पण खऱ्या धुरात माणसाला खांद्यावर क्वचितच घेतात. धूर वर जमतो. खांद्यावर घेतलं की त्याचं डोकं आणि आपलं डोकं दोन्ही धुरात जातात. म्हणून खालून ओढतात. बेशुद्ध माणसाला चादरीवर किंवा सतरंजीवर घ्यायचं, काखेखालून पट्टी किंवा दोरी घालायची आणि जमिनीलगत मागं मागं ओढत आणायचं. हे काम पायांचं आहे, कमरेचं नाही. ५२ किलोची मुलगी ८० किलोच्या माणसाला असं ओढू शकते, मी माझ्या हाताखालच्या मुलींना ओढताना पाहिलं आहे. आणि आगीत एकटं कोणी शिरत नाही, जोडीनेच जातात.

जिन्यावरून उतरवणं हे मात्र खरोखर कंबर आणि गुडघ्यांचं काम, आणि ते आगीपेक्षा आजारी माणसांसाठीच जास्त करावं लागतं. एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. खालच्या दुकानात आग लागली होती, आग लहानच, पण धूर जिन्यात चढला होता आणि आजींना दम्याचा त्रास. जिना लाकडी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. आजींना खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं. मी खालच्या बाजूला, सहकारी वर. दुसऱ्या वळणावर आजींनी घाबरून कठडा घट्ट पकडला. खुर्ची जागेवर थांबली आणि माझा पाय पुढच्या पायरीवर गेलेला. सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला. आजी सोडेनात, वरच्याला दिसेना काय झालं. मी नुसता म्हणत राहिलो, "आजी, मला धरा, कठडा सोडा." त्यांनी माझ्या कोटाची कॉलर धरली तेव्हा आम्ही हललो. आजी सुखरूप खाली आल्या. माझा गुडघा महिनाभर सुजलेला होता. त्यानंतर मी कोणालाही जिन्यावरून उतरवण्याआधी त्यांच्याच घरातली एक पिशवी त्यांच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, ही दोन्ही हातांनी छातीशी धरा, आत तुमची औषधं आहेत. पिशवी धरलेला हात कठड्याकडे जात नाही.

मी हे इतकं रंगवून लिहितोय कारण कंबर जाते ती अशाच क्षणी जाते. वजन अंगाच्या जवळ हवं, गुडघ्यातून वाकायचं, उचलताना कंबरेतून वळायचं नाही, आणि "एक, दोन, तीन" म्हटल्याशिवाय दोघांपैकी कोणी उचलायचं नाही. ॲम्ब्युलन्सवरच्या लोकांना सर्वात जास्त इजा पाठीलाच होतात. स्ट्रेचर दिवसातून किती वेळा उचलावा लागतो, आणि पेशंट नेहमी सोयीच्या जागी पडलेला नसतो. कधी न्हाणीघरात, कधी दोन पलंगांच्या मधे.

छाती दाबून हृदय चालू ठेवणं, सीपीआर, हेही शरीराचंच काम. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीचं हाड पाच-सहा सेंटिमीटर खाली गेलं पाहिजे, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलतात, कारण थकलेल्याचे दाब उथळ होतात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. तुझं वजन कमी आहे म्हणून खांदे थेट हातांच्या वर आण, कोपर ताठ ठेव, वरचं अंग पडू दे. हे आत्ताच शिक. पदवी झाली आहे, काही महिने हातात आहेत, एखाद्या मान्यताप्राप्त केंद्रातून प्रथमोपचार आणि बीएलएसचं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं, प्रशिक्षण घे. फायरमन झालीस तरी ते रोज उपयोगी पडेल.

तयारी बदल, एवढं नक्की सांगतो. धावणं सोडू नकोस, पण आठवड्यातले तीन दिवस कराडजवळच्या सदाशिवगडाच्या पायऱ्यांना दे. पाठीवर दहा किलो घेऊन सुरुवात कर, दोन-तीन महिन्यांत वीसपर्यंत जा, आणि उतरताना घाई करू नकोस, गुडघे उतरतानाच दुखावतात. जुन्या टायरला दोर बांधून मागं मागं चालत ओढ. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन चाल, पकड त्यानेच येते. आणि आईचा वैरणीचा भारा रोज संध्याकाळी तू आण. आईसारखा डोक्यावर आणलास तरी चालेल, पण जमिनीवरून उचलताना गुडघ्यातून उचल. तिच्या मानेला विश्रांती मिळेल आणि तिला तुझी ताकद रोज डोळ्यांनी दिसेल. हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं १२ च्या खाली असतं आणि मग दम लागतो तेव्हा त्या स्वतःलाच कमजोर समजतात. डाळ, शेंगदाणे, अंडी, हिरव्या भाज्या पोटभर खा. ५२ चे ५६ झाले आणि ते पायात आणि पाठीत गेले तर फायदाच आहे.

मुलींचं म्हणशील तर मुंबई अग्निशमन दलात २०१२ पासून महिला जवान आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये प्रवेश घेतला, तिथं शिकणाऱ्या त्या पहिल्या महिला. वाट पडलेली आहे. अडचणी अजून आहेत. कोट आणि हातमोजे पुरुषांच्या मापाचे मिळतात, आणि ढिल्या हातमोज्याने ब्रँच सटकते. मापाचं साहित्य मिळेपर्यंत मागत राहायचं, ती कुरकुर नाही. मुंबईच्या २०२२-२३ च्या भरतीत ९१० जागा होत्या आणि महिलांसाठी किमान उंची १६२ सेंमी होती. तू बसतेस, पण एका सेंटिमीटरने. दिवसभर चालून-बसून माणसाची उंची संध्याकाळपर्यंत थोडी कमी भरते, म्हणून मोजणीच्या आदल्या रात्री नीट झोप आणि सकाळच्या रांगेत उभी राहा. दरवेळची जाहिरात मात्र शब्द न् शब्द वाच, निकष बदलतात. मुंबईत कलिन्याला राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, तिथला सहा महिन्यांचा फायरमन कोर्स केलास तर नगरपालिकांच्या आणि कंपन्यांच्या भरतीतही उपयोग होतो.

खरं सांगा म्हणालीस, म्हणून हेही लिहितो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवणारे ६६ जण गेले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासात इमारत कोसळली आणि मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. हा धोका आहेच. पण ज्याने माझे सहकारी हळूहळू गेले, तो धोका वेगळा. झोपेतून उठून एकदम पूर्ण जोर लावणं, उष्णता, घाम, हृदयावर ताण. अमेरिकेत कामावर असताना गेलेल्या फायरफायटरांपैकी जवळपास निम्मे हृदयविकाराने गेले, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. भरती झाल्यावर व्यायाम सोडणारे आणि तंबाखू धरणारे आमच्याकडे कमी नाहीत. आणि काजळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा पेशा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. आमच्या काळात काळा झालेला कोट मानाचा वाटायचा, आम्ही तो तसाच घरी घेऊन जायचो. तू तसं करू नकोस. आग संपली की कोट तिथंच पाण्याने धुऊन काढ, मान आणि मनगटं पूस, केंद्रावर आंघोळ करूनच घरी जा. कूलिंग चालू असताना, म्हणजे ज्वाळा गेल्यावर धुमसणाऱ्या ढिगावर पाणी मारताना, सगळे मास्क काढतात. तू काढू नकोस. जखमी माणसांना हात लावायचा म्हणजे हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा आणि धनुर्वाताची लस भरतीआधीच घेऊन ठेव.

एखादं लहान मूल वाचत नाही तेव्हा काय होतं, ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की मी त्यावर कोणाशी बोललो नाही आणि दोन वर्षं नीट झोपलो नाही. आता मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, केंद्रावर ज्येष्ठ सहकारी आहेत. पहिल्याच वेळी बोल.

आईला माझ्याकडून एक सांग. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात केंद्रांवर प्रात्यक्षिकं होतात आणि लोकांना जवळून बघू देतात. तुमच्या जवळच्या नगरपालिकेच्या केंद्रात आधी विचारून ठेव आणि तिला घेऊन जा. तिला बी.ए. सेट उचलून बघू दे. रोज भारा उचलणारी बाई आहे ती, वजन बघून काय म्हणाली ते मला कळव.

तुझा काका